चार मशीन, चार कार्डे : मालवणच्या पावसाळ्यातली पाने

रविवार, ४ जून २०००
पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी आज चारही मशीनवर चढवली. हार्ड डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, सीचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात कंपाइल झाला. खिडक्यांसाठी 'स्टार्टएक्स' मारले आणि चौघांनी चार तऱ्हा दाखवल्या. एकावर खिडक्या उघडल्या, पण ६४० बाय ४८० वर आणि सोळाच रंगांत. 'ओके'चे बटण पडद्याच्या खाली गेलेले. दुसऱ्यावर 'नो स्क्रीन्स फाउंड' आणि परत काळा पडदा. तिसऱ्यावर चित्र आले, पण फाटल्यासारखे, आडव्या पट्ट्यांचे. चौथे सगळ्यांत नवे आणि सगळ्यांत महाग. ते मख्ख.

इंजिनीअरिंगला गेलेली आपली मुले सुट्टीत येऊन युनिक्स मागतात. बँकेच्या शाखेतही युनिक्सच असते, पण तिथे काळ्या पडद्यावर अक्षरे एवढाच मामला. परवाना विकत घ्यायची माझ्या या कॉम्प्युटर क्लासची ऐपत नाही. फुकटातले युनिक्स मिळाले आहे तर ते खिडक्यांसकट चालले पाहिजे. मुलांची बॅच पंधरा तारखेनंतर भरेल. तोवर मालवणातल्या भरडावरची ही खोली, चार मशीन आणि मी.

गुरुवार, ८ जून
मृग वेळेवर लागला. रात्रभर कौले वाजत होती.

चारही डबे उघडले. ही कार्डे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेली, अँटिस्टॅटिक पिशवीतून, खोक्याशिवाय आणि पुस्तिकेशिवाय. पावतीवर नुसते 'व्हीजीए कार्ड १ एमबी'. समुद्र पाव मैलावर असल्याने कार्डाच्या सोनेरी दातांवर काळसर थर चढतो. खोडरबराने घासले की दात पुन्हा चमकतात. मग ब्रशने भुगा झाडायचा, कार्ड घट्ट बसवायचे, स्क्रू आवळायचा. मालवणात कॉम्प्युटर दुरुस्तीतले निम्मे काम एवढेच आहे.

मधल्या चिपवरचे नाव टॉर्च आणि भिंगाने वाचले. पहिले ट्रायडंट ९४४०. दुसरे एस३ ट्रायो ६४ व्ही प्लस. तिसरे एसआयएस ६३२६, एजीपीच्या खाचेत बसणारे. चौथ्याला कार्डच नाही. इंटेलच्या ८१० चिपसेटमध्येच चित्राची सोय, मदरबोर्डला चिकटलेली.

मग 'सुपरप्रोब' चालवला. हा प्रोग्राम चिपला वेगवेगळे प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून तिची जात ओळखतो. मशीन अडकू शकते अशी सूचना तो आधीच देतो. पहिल्या तिन्हींना त्याने बरोबर ओळखले. म्हणजे हे पत्ते कुणीतरी आपल्या आधी पिसलेले आहेत.

रविवार, ११ जून
सीडीवरच्या, खिडक्या उघडणाऱ्या एक्सफ्री८६ च्या माहिती-फायली वाचतो आहे. प्रत्येक चिपच्या घराण्याला स्वतंत्र फाइल. दिवसभर पाऊस, वाचायला बरे.

घोळ कुठे आहे ते आता नीट समजले. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए आणले. त्यातले ६४० बाय ४८०, सोळा रंग हे सगळ्यांनी जसेच्या तसे उचलले, म्हणून तेवढे कुठल्याही कार्डावर चालते. त्याच्या पुढे मात्र ज्याचा त्याचा सवता सुभा. जास्त रंग हवे तर कुठल्या रजिस्टरात कुठला आकडा लिहायचा, जादा मेमरीचे कप्पे कसे उघडायचे, घड्याळ कसे वाढवायचे, हे ट्रायडंटचे वेगळे, एस३ चे वेगळे, एसआयएसचे वेगळे. विंडोजसाठी कार्डवाला स्वतः ड्रायव्हर करून फ्लॉपीत घालून देतो. लिनक्ससाठी त्याने काही करावे असे त्याला वाटत नाही; गिऱ्हाईकच नाही म्हणतो.

मग हे ड्रायव्हर आले कुठून? खिडक्यांची मूळ व्यवस्था, एक्स, एमआयटीत १९८४ साली सुरू झाली, ती हजारो डॉलरच्या वर्कस्टेशनांसाठी. साध्या ३८६ पीसीसाठी थॉमस रोएल या जर्मन माणसाने एक्स३८६ लिहिले, ते एक्सच्या अकराव्या आवृत्तीच्या १९९१ मधल्या पाचव्या प्रकाशनात सामील झाले. १९९२ मध्ये डेव्हिड वेक्सेलब्लॅट, डेव्हिड डॉज, ग्लेन लाय आणि जिम त्सिलास या चौघांनी त्यातल्या चुका दुरुस्त करायला घेतल्या, त्यातून एक्सफ्री८६ उभे राहिले. त्याच वर्षी ओरेस्ट झ्बोरोव्स्कीने एक्स लिनक्सवर आणले. बीएसडी या दुसऱ्या फुकट युनिक्सवाल्यांचेही तेच: १९९२ चे ३८६बीएसडी, पुढच्या वर्षीचे नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी. या सगळ्यांच्या पडद्यामागे हेच एक्सफ्री८६.

एक गोष्ट या फायली वाचताना फार जाणवते. कुठले कार्ड आधी चालले हे कार्डाच्या दर्जावर ठरलेले नाही. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात कुठले कार्ड होते, त्यावर ठरले आहे. ट्रायडंटच्या ड्रायव्हरवर अ‍ॅलन हौरिहान या इंग्लंडातल्या माणसाचे नाव आहे. मुंबईच्या बाजारातले सगळ्यांत स्वस्त कार्ड माझ्या टेबलावर चालले, तर ते त्याने मेहनत घेतली म्हणून.

शनिवार, १७ जून
ट्रायडंट लागले. लागले ते कार्डामुळे नव्हे, मॉनिटरच्या पाठीमुळे.

'एक्सएफ८६कॉन्फिग' प्रश्न विचारत जातो: माउस कुठला, कीबोर्ड कुठला, आणि मग, तुमच्या मॉनिटरची आडवी वारंवारिता किती? इथे भलता आकडा दिला तर जुना मॉनिटर कायमचा जाऊ शकतो, असे तो बजावतो. भिंतीला लावलेला मॉनिटर ओढून त्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली. आडवी ३० ते ४८ किलोहर्ट्झ, उभी ५० ते १००.

आता या ओळीकडे पाहावे. '४० ८०० ८४० ९६८ १०५६ ६०० ६०१ ६०५ ६२८.' याला मोडलाइन म्हणतात. मॉनिटरमधला किरण डावीकडून उजवीकडे एकेक रेघ ओढतो. दिसणारे ठिपके ८००, पण रेघ १०५६ ठिपक्यांएवढ्या वेळाची. उरलेला वेळ किरणाला परत डावीकडे यायला. नांगरालाही बांधाशी वळायला जागा सोडावीच लागते. मधले ८४० आणि ९६८ म्हणजे 'आता वळ' हा इशारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते. उभ्या दिशेला तसेच: दिसणाऱ्या रेघा ६००, एकूण ६२८.

पहिला आकडा घड्याळाचा, ४० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चार कोटी ठिपके. चार कोटी भागिले १०५६, सेकंदाला ३७,८७९ रेघा. चिठ्ठीवरच्या ४८ हजारांच्या आत. त्याला ६२८ ने भागले की ६०.३, सेकंदाला एवढ्यांदा पडदा भरतो. झाले. सातवीतला भागाकार. एरिक रेमंडने यावर एक अख्खे प्रकरण लिहून ठेवले आहे, तेही सीडीवर आहे.

मेमरीचा हिशोब त्याहून सोपा. ८०० गुणिले ६०० गुणिले २ बाइट, ९ लाख ६० हजार. एक मेगाबाइटमध्ये बसते, म्हणजे पासष्ट हजार रंग. १०२४ बाय ७६८ ला मात्र एका ठिपक्याला एकच बाइट परवडतो, म्हणजे २५६ रंग.

मुले मात्र १०२४ मागतात, दोन खिडक्या शेजारी-शेजारी मावतात म्हणून. यादीतली मोडलाइन ६५ मेगाहर्ट्झची, रेघ १३४४ ची. भागाकार ४८,३६३. चिठ्ठी ४८ हजारांवर थांबते, तेव्हा एक्स ती ओळ स्वतःच गाळून टाकतो. घड्याळ ६५ वरून ६४ वर आणले. भागाकार ४७,६१९, उभे ५९. ही ओळ कुठल्याही यादीत नव्हती. चित्र स्थिर, अक्षरे बारीक पण स्वच्छ.

घरमालक अण्णा वर येऊन म्हणाले, "मास्तरांनू, ह्या शिट्टी कसली घालता?" मोड बदलताना मॉनिटर बारीक किंचाळतो तो आवाज. ते साठीचे आहेत, पण त्यांना तो ऐकू येतो. मला येत नाही.

रविवार, २५ जून
एस३ ट्रायोला एक्सचा वेगळा सर्व्हर लागतो. एक्सएफ८६_एस३ बसवला, मोडलाइन तीच दिली, आणि चित्र आले. इतके सरळ होईल असे वाटले नव्हते.

याचे कारण ट्रायोच्या पोटात आहे. घड्याळ आणि रंग बनवणारा रॅमडॅक दोन्ही त्याच चिपमध्ये. त्याआधीच्या एस३ कार्डांवर हे सुटे असायचे, कार्ड बनवणारा आपल्या मर्जीने कुठलेही लावायचा, आणि फायलीत रॅमडॅक कुठला, क्लॉकचिप कुठली हे नावानिशी सांगावे लागे.

तिथेच डायमंडची गोष्ट येते. चिप एस३ चीच, पण या कंपनीने घड्याळाला आकडा कसा सांगायचा ते गुप्त ठेवले. करारावर सही करा, मग सांगू, असे धोरण. फुकट आणि उघड्या कोडमध्ये ते लिहिले की गुपित राहत नाही, म्हणून एक्सफ्री८६ वाल्यांनी सही केली नाही. उलट आपल्या माहिती-फायलीत लिहून टाकले की डायमंडची कार्डे घेऊ नका. काही वर्षांनी कंपनीने धोरण बदलले. 

सोमवार, ३ जुलै
बॅच भरली. सकाळी विंडोज आणि टॅली, संध्याकाळी लिनक्स. लाइट दुपारी गेली ती सहाला आली.

एसआयएस ६३२६ ने छळले. चित्र येते, रंग येतात, खिडकी वर-खाली सरकवली की मागे फाटक्या पट्ट्या राहतात. माउसच्या बाणाच्या जागी कधीकधी चौकोनी ठिगळ.

पट्ट्या कशाच्या? खिडकी सरकवताना सीपीयूने एकेक ठिपका उचलून नव्या जागी ठेवायचा नसतो. कार्डाला सांगायचे, 'हा आयत उचल, तिथे ठेव.' कार्ड स्वतः ते झटपट करते. यालाच अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. या चिपचे हे काम ड्रायव्हरला सगळ्याच अवस्थांत नीट जमलेले नाही. माहिती-फायलीत लिहिणाऱ्यांनी ते झाकलेले नाही. उलट कुठले काम बंद केले की काय सुधारेल याची ओळवार यादीच दिली आहे.

कॉन्फिगची फाइल उघडली. 'डिव्हाइस' या भागात अ‍ॅक्सिलरेशन बंद करणारी ओळ टाकली, पट्ट्या गेल्या, पण मजकूर सरकवताना मशीन म्हातारे झाले. ती ओळ काढून फक्त आयत उचलण्याचे काम बंद करणारी टाकली. बाणासाठी 'सॉफ्टवेअर कर्सर'. पट्ट्या नाहीत, ठिगळ नाही, वेग बराचसा परत. प्रत्येक ओळीपुढे हॅशची खूण करून मराठीत, रोमन लिपीत, कारण लिहून ठेवले. अजून या पडद्यावर देवनागरी येत नाही.

मागच्या बाकावरची, दांडी किनाऱ्यावरची मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने विचारले, "सरानू, कार्ड वाईट काय ड्रायव्हर वाईट?" म्हटले, विंडोजवर हेच कार्ड ठीक चालते, कारण तिथे लिहिणाऱ्याला चिपचे सगळे कागद मिळालेले असतात. ती म्हणाली, "म्हंजे कागद वाईट." नाही म्हणता आले नाही.

रविवार, १६ जुलै
गुरुपौर्णिमा आणि खग्रास चंद्रग्रहण. चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता. किनाऱ्यावर माणसे छत्र्या घेऊन उभी होती. ढगांतून काही दिसले नाही, भजी मात्र खपली.

दुपारी कचेरीतल्या एका ओळखीच्या निवृत्त कारकुनांनी एक जुने कार्ड आणून दाखवले. लांबलचक, आयसा खाचेचे, बऱ्याच चिपा असलेले. "हे चालेल का तुमच्या लिनक्सवर?" पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड.

हे हातात धरून मी बराच वेळ बसलो. जिस्टचे काम मुळात कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, तेव्हा ते तिकडे आले. कार्ड डॉसच्या मशीनमध्ये घातले की डीबेस किंवा वर्डस्टार मराठीत लिहू लागे. त्या प्रोग्रामना पत्ताही नसे. ते आपले बाइट पडद्याकडे पाठवत, कार्ड वरच्या निम्म्या आकड्यांना इस्की संकेताप्रमाणे देवनागरी मानून जोडाक्षरे जुळवून दाखवी. इस्की पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक झाले. इन्स्क्रिप्ट कळफलकही याच परंपरेतला. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवर बेतलेला आहे.

म्हणजे जगातल्या कार्डवाल्यांनी ज्या गरजेचा विचारही केला नव्हता, त्या आपल्या गरजेसाठी आपल्याच माणसांनी कार्ड बनवले होते, आणि ते चालत होते. पण लिनक्सच्या यादीत त्याचे नाव नाही. संकेत छापील मानक झाला, सगळ्यांना मिळाला, म्हणून तो युनिकोडमध्ये जगला. कार्डाला आकडे कसे द्यायचे ते मात्र बाहेर कुणाच्या हातात आले नाही. कारकून म्हणाले, "मग ह्याचा काय करू?" म्हटले, जपून ठेवा. या खोलीतल्या सगळ्या कार्डांत मराठी येते ते एवढे एकच.

शनिवार, २२ जुलै
इंटेल ८१० बोलले.

या चिपसेटला स्वतःची चित्रमेमरी नाहीच म्हणण्यासारखी. ती मशीनच्या मुख्य मेमरीतून उसनी घेते. उसनवारीचा हा हिशोब लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, ठेवावा लागतो, आणि त्यासाठी 'एजीपीगार्ट' नावाचा मॉड्यूल लागतो. आमच्या सीडीवरच्या कर्नलला तो ठाऊक नव्हता. नुसता नवा एक्स टाकून भागत नाही, दोन्ही लागतात. पुण्यात शिकणारा एक जुना विद्यार्थी सुट्टीत आला. त्याने कॉलेजातून दोन्ही उतरवून फ्लॉप्यांवर तुकडे करून आणले. एक फ्लॉपी दमटपणाने वाचेना. हेअर ड्रायर फिरवून वाचली.

मॉड्यूल कंपाइल केला, चढवला. मग 'डेव्ह' या फोल्डरात त्याच्यासाठी दार बनवायचे: 'एमकेनोड', कॅरेक्टर, १०, १७५. हे दोन आकडे नसतील तर एक्स दारच शोधत बसतो. आणि पडदा उजळला, १०२४ बाय ७६८, पासष्ट हजार रंग. सगळी मुले त्याच मशीनवर.

इंटेलच्या याआधीच्या ७४० कार्डासाठी रेड हॅटने प्रिसिजन इनसाइट नावाच्या कंपनीकडून ड्रायव्हर करून घेतला. तो आधी नुसत्या बायनरीत दिला गेला, कोड मागाहून उघडला. त्याच लोकांचे काम ८१० मध्ये आहे, आणि ते उघडे आहे, म्हणून मला माझ्या कर्नलवर ते कंपाइल करता आले. मागच्या डिसेंबरात ३डीएफएक्स या कार्डवाल्यांनी आपल्या ग्लाइड या चित्र-लायब्ररीचा कोड खुला केला. यंदा एनव्हिडियाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, वेगवान आहे म्हणतात, पण बंद डब्यात. कर्नल बदलला आणि डबा रुसला तर मालवणातल्या माणसाने काय करायचे?

पीसीक्वेस्टच्या या सीडींमागे अतुल चिटणीस यांचे नाव वाचतो. जन्म बर्लिनचा, इंजिनीअरिंग बेळगावात, मुक्काम बंगळुरात. १९८९ पासून स्वतःचा बुलेटिन बोर्ड चालवायचे. आंबोलीचा घाट चढला की बेळगाव. आपल्याकडचे लोक तिथे दवाखान्याला आणि बाजाराला जातात. इथल्या कित्येकांना लिनक्स पहिल्यांदा दिसले ते या मासिकाच्या सीडीतून, डाउनलोडमधून नव्हे. एका फोन-लाइनवर सहाशे मेगाबाइट कोण उतरवणार?

रविवार, ३० जुलै
दांडीच्या मुलीचे एकच पालुपद: "माका माझा नाव मराठीत दिसूक व्हया." फॉन्ट नाही, जोडाक्षरे जुळवणारे काही नाही, समजावून झाले. ती म्हणाली, "मगे मीच काढतंय."

एक्सबरोबर 'बिटमॅप' नावाचा छोटा प्रोग्राम येतो. चौकटीचा कागद, चौकोनावर क्लिक केले की काळा. तिने आपले नाव काढायला घेतले आणि सोडून दिले. नावात 'श्र' आहे, तो चौकोनांत बसेना. मग 'मालवण' काढले. शिरोरेघ दोन चौकोन जाड, 'ण'चा पाय आधी वाकडा, मग सरळ. दोन तास लागले. तिचा बाबा समुद्र बंद असल्याने घरी जाळी विणतो आहे. ती म्हणाली, जाळ्याच्या डोळ्यांवर नाव काढायची सवय आहे.

फाइल जतन केली आणि 'एक्ससेटरूट'ने पडद्याच्या पार्श्वभूमीवर लावली. पूर्ण पडदाभर मालवण मालवण मालवण. चारही मशीनवर लावले. चारही वेगळ्या चिपांवर ते एकसारखे उमटले.

तिने ती फाइल मजकूर म्हणून उघडून पाहिली. आत सी भाषेतले आकडे, स्वल्पविराम टाकलेले. तिने त्यातला एक आकडा बदलला, 'व'चा पोटातला ठिपका गेला. परत बदलला, आला. पुढचा तासभर तिने चित्र सोडून आकडेच बदलले. संगणकाला ती अक्षरे आहेत हे अजून कळत नाही, शोधता येत नाहीत, क्रम लावता येत नाही. पण ते चित्र तिच्या ताब्यात आहे.

रविवार, ६ ऑगस्ट
कणकवलीहून एक शिक्षक आले. शाळेत देणगीतून मिळालेल्या जुन्या मशीनवर लिनक्स लावायचे आहे. कार्ड ट्रायडंट, आमच्यासारखेच. "तुमची कॉन्फिगची फाइल फ्लॉपीवर द्या, एसटी साडेपाचची आहे."

देणारच होतो. फ्लॉपी घातलीही. मग विचारले, मॉनिटर कुठला? त्यांना माहीत नव्हते. शाळेत फोन लावला, शिपायाने मागची चिठ्ठी वाचून दाखवली. आडवी: ३१.५, ३५.२, ३५.५. अमुक ते तमुक नव्हे, नुसते तीन आकडे. पहिल्या पिढीतला एसव्हीजीए मॉनिटर. माझी ३७,८७९ रेघांची ओळ त्याच्या कुवतीबाहेरची. फायलीत मॉनिटरची मर्यादाही माझीच लिहिलेली, ३० ते ४८. म्हणजे एक्सने ती ओळ गाळली नसती. निमूट पाठवली असती.

फ्लॉपी बाहेर काढली आणि कागद काढला. किरण, रेघ, वळण्याची जागा, घड्याळ. सरांना गणित शिकवायची सवय आहे, पाच मिनिटांत पुढे गेले. यादीतून ३६ मेगाहर्ट्झची ओळ काढली: ८०० ८२४ ८९६ १०२४, ६०० ६०१ ६०३ ६२५. तीन कोटी साठ लाख भागिले १०२४. भागाकार त्यांनीच केला, ३५,१५६. चिठ्ठीवरच्या ३५.२ ला अगदी लागून. उभे ५६. जरा लुकलुकेल, पण मॉनिटर जगेल.

डायमंड सही मागत होती, जिस्टचे आकडे कार्डातच राहिले, एनव्हिडिया डबा देते आहे, आणि मीही आज सरांना तयार फाइल देऊन मोकळा होणार होतो. तयार आकडा एका कार्डाला आणि एका मॉनिटरला लागू पडतो, पुढच्या डब्यापाशी थांबतो. हिशोब थांबत नाही. क्लासच्या भिंतीवर आता चार मशीनच्या चार फायली लावायच्या नाहीत असे ठरवले आहे. एकच तक्ता लावायचा: चिपवरचे नाव कसे वाचावे, चिठ्ठी कुठे असते, भागाकार कसा करावा.

सरांची साडेपाचची एसटी चुकली. साडेसहाची मिळाली.

मंगळवार, १५ ऑगस्ट
सकाळी झेंडा, संध्याकाळी नारळी पौर्णिमा. बंदरावर नारळ लढवायला तोबा गर्दी. होड्या रंगवून तयार आहेत. क्लासला सुट्टी.

रात्री कणकवलीहून सरांचा फोन. चित्र आले. रंग बरोबर, अक्षरे बरोबर, पण सगळे डावीकडे सरकलेले, 'फाइल' मेनूचे पहिले अक्षर कडेत गेले आहे. मॉनिटरचे बटण फिरवून पुरत नाही.

मी सांगायला तोंड उघडले तोच ते म्हणाले, "थांबा. किरणाला 'वळ' थोडे आधी सांगितले, तर रेघ सुरू व्हायला डावीकडे जास्त जागा मिळेल. म्हणजे ८२४ आणि ८९६, दोन्ही आठाने कमी करतो. बरोबर ना?"

फोन धरून ठेवायला सांगून ते गेले. मागे कुणीतरी मूल 'आला, आला' ओरडल्याचे ऐकू आले. सर परत येऊन म्हणाले, "८१६ आणि ८८८. आता शाळेतल्या दुसऱ्या मशीनचे बघतो. त्यात कुठली चिप आहे ते उद्या डबा उघडून वाचतो."